केस तिचे, हसू आमचं



या महिन्याचं पान आमच्याच एका चुकीपासून सुरू करावं लागत आहे. यंदाच्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गावर उर्दूच्या तासाला आम्ही मुहावरे आणि कहावती शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं : ‘खुदा गंजे को नाखून न दे.’ अर्थ सांगितला की, हाती सत्ता आली तर जो तिचा दुरुपयोगच करील, अशाच्या हाती ती न आलेली बरी. तास शेवटचा होता, मुलं पेंगुळली होती. वर्ग जरा खुलावा म्हणून दोन्ही हातांची बोटं वाकवून आम्ही डोकं खाजवल्याचा अभिनय केला. वर्ग खदखदून हसला. आम्हीही हसलो.

मग मधल्या रांगेतल्या दोघी-तिघींच्या माना एकदम मागे वळल्या. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं ओढणी कपाळापर्यंत पुढे ओढली आणि पुस्तकात डोकं घातलं. आमच्या लक्षात काहीच आलं नाही. तास संपला, आम्ही खडू ठेवला आणि घरी गेलो.

पुढचे तीन दिवस ती मुलगी शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी तिची अम्मी आली. बाई शांत होत्या, तक्रारीचा सूर नव्हता. म्हणाल्या, ‘‘मॅडम, तिला चाई लागली आहे. मागून दोन जागचे केस रुपयाएवढे गेलेत. घरात आरसा झाकून ठेवते. आता म्हणते, शाळेत कहावतसुद्धा माझ्यावरच आहे.’’

वीस वर्षं शिकवतो आहोत. त्या दिवशी काय बोलावं, ते आम्हाला सुचलं नाही.

आधी चाईविषयी थोडं सांगतो, कारण आपल्या घरांमध्ये याबद्दल गैरसमज फार. आपलं शरीर बाहेरच्या रोगाशी लढण्यासाठी जी ताकद बाळगतं, तीच कधी कधी चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते आणि गोल चकंदळ्यांमध्ये केस गळतात. डॉक्टर याला अ‍ॅलोपेशिया एरिआटा म्हणतात. हा संसर्ग नव्हे. शेजारी बसल्यानं, एकाच कंगव्यानं, एकाच उशीवर झोपल्यानं ही चाई दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळांचे केस काही महिन्यांत परत येतात. काहींचे येतात आणि पुन्हा जातात. डोक्यात बुरशीनं होणारा गजकर्ण मात्र वेगळा, तो पसरतो आणि त्याला औषध लागतं. दोन्हींतला फरक कातडीच्या डॉक्टरांनाच कळतो. म्हणून कांदा घासणं, लसूण चोळणं, वस्तरा फिरवणं यात महिने घालवण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. आणि ‘कुणाची तरी नजर लागली’ असं मुलीच्या देखत तर अजिबात म्हणू नये.

आम्ही भाषेचे शिक्षक. अडलं की पुस्तकाकडे हात जातो. वाटलं, या मुलीला देता येईल असं एखादं पुस्तक, एखादा सिनेमा शोधावा, ज्यात तिला आपलं माणूस भेटेल. शोधू लागलो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपल्या पडद्यावर टक्कल म्हणजे एक तर खलनायक, नाही तर विनोद. आपल्या शायरीत जुल्फेवाचून पान हलत नाही. ज्याची जुल्फच गेली, त्यानं कोणत्या गझलेत जागा शोधायची?

तरी काही हाती लागलं. २०१७ मध्ये राज बी. शेट्टी यांनी ‘ओंदु मोट्टेय कथे’ हा कन्नड सिनेमा केला आणि टकलाची मुख्य भूमिकाही स्वतःच केली. नायक मंगळुरूकडचा कन्नडचा प्राध्यापक, लग्नाचं वय उलटत चाललेलं. त्याच कथेवरून २०१९ मध्ये मल्याळममध्ये अश्रफ हम्झा यांचा ‘तमाशा’ आला आणि हिंदीत अभिषेक पाठक यांचा ‘उजडा चमन’. मल्याळममधला नायक मल्याळम शिकवतो, हिंदीतला चमन दिल्लीत हिंदी शिकवतो. तिन्ही सिनेमांत टकलाचं दुःख भाषेच्या शिक्षकाच्याच वाट्याला आलेलं पाहून आम्हाला हसू आलं आणि थोडं वर्मीही लागलं.

‘उजडा चमन’नंतर आठवड्याभरातच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अमर कौशिक यांचा ‘बाला’ आला. कानपूरचा बालमुकुंद शुक्ला, म्हणजे आयुष्मान खुराना, गोरेपणाची क्रीम विकतो आणि ऐन तारुण्यात त्याचे केस जातात. तो जे जे म्हणून उपाय करतो, ते पाहताना आपण हसतो. शेवटी विग लावून लग्न करतो. खरं उघडं पडतं तेव्हा बायको सोडून जाते. बायकोला खोटं ठरवून सिनेमा मोकळा होत नाही, हे आम्हाला आवडलं. फसवलं त्यानं होतं.

पण आम्हाला थांबवलं ते सिनेमाच्या सुरुवातीनं. लहानपणी बालाचे केस दाट, झुपकेदार. तेव्हा तो वर्गात टकल्या मास्तरांची टिंगल करतो आणि काळ्या रंगाच्या लतिकाला चिडवतो. पुढे जे त्याच्या वाट्याला येतं, ते त्यानं आधी दुसऱ्याला दिलेलं असतं. ‘उजडा चमन’चंही तसंच. चमनला जग हसतं म्हणून तो कष्टी आहे, पण जाडजूड अप्सरा समोर येते तेव्हा त्यालाच तिच्याबरोबर दिसण्याची लाज वाटते. ‘तमाशा’त तर नायकाबरोबरच्या एका फोटोवरून त्या मुलीच्या अंगयष्टीवर मोबाइलवरचं सारं गाव तुटून पडतं. केस गेलेल्याचं दुःख सांगता सांगता हे सिनेमे हळूच विचारतात, तू स्वतः कुणाकुणाला हसलास? आम्हाला वाटतं, यांची खरी किंमत एवढ्यातच आहे. (‘बाला’त आणि ‘उजडा चमन’मध्ये मोठ्यांच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मुलांसोबत बसण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकदा पाहून घ्यावेत. शिवाय ‘बाला’त सावळ्या मुलीसाठी नायिकेचा चेहरा रंगवून काळा केला, यावर त्या वेळी टीका झाली होती आणि ती रास्तच होती.)

हे सगळे मात्र पुरुषांचे सिनेमे. पुरुषाच्या टकलाला निदान ‘चंद्र’ म्हणून चेष्टा तरी होते. बाईच्या टकलाला आपल्याकडे शब्दच नाही. आपल्या पडद्यावर बाईचं डोकं उघडं दिसतं ते दोनच वेळा : ती विधवा असेल तर, नाही तर कॅन्सर झाला असेल तर. ‘ए दिल है मुश्किल’मधली अलिजेह आठवा. केस नसलेली नायिका आपल्याला चालते, पण मृत्यू तिच्या उशाशी बसलेला असला तरच.

मराठी पुस्तकांकडे वळलो तर तिथं हे दुःख फार जुनं निघालं. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० नंतर ‘करमणूक’ पत्रातून येऊ लागली. नवरा गेल्यावर यमूचं जबरदस्तीनं केशवपन होतं. तो भाग आम्ही डी.एड.च्या काळात वाचला होता. परवा पुन्हा काढला तर सलग वाचवेना. पार्वतीबाई आठवले यांच्या ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मचरित्रात तर एका बाईनं स्वतःच सांगितलं आहे की, पुन्हा केस राखण्याचा निर्णय किती जड होता. ही रीत आपल्या घरांत नव्हती. पण शेजारच्या अंगणातलं दुःख वाचल्याशिवाय आपल्या अंगणातलं कळत नाही. त्याच सुमारास, १८९० मध्ये, मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचं ठरवलं होतं. ज्याच्या हाती वस्तरा, त्यानंच तो खाली ठेवला. ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली.

कॅन्सरच्या औषधानं ज्यांचे केस गेले, अशा बहिणी आपल्या वाशिम जिल्ह्यातही आहेत; उपचाराला अकोला-नागपूरला जातात आणि परत आल्या की दार लावून बसतात. त्यांच्यापैकी ज्यांना इंग्रजी येतं, त्यांनी मनीषा कोईराला यांचं ‘हील्ड’ हे २०१८ चं पुस्तक पाहावं. औषध थांबलं की हे केस बहुतेक वेळा परत येतात, हेही त्यांना सांगावं. त्यांच्या मुलांना तर जरूर सांगावं, कारण अम्मीकडे बघायला मुलंच घाबरतात.

चाई लागलेल्या मुलीसाठी मात्र एकच सिनेमा सापडला : ‘गॉन केश’. मार्च २०१९ चा, कासिम खल्लो यांचा. नायिका श्वेता त्रिपाठी. सिलिगुडीसारख्या गावातली साध्या घरातली मुलगी, नाचाची हौस आणि वाढत्या वयात गळत गेलेले केस. डॉक्टर, औषधं, विग आणि या सगळ्यामागे आईबापांची होणारी ओढाताण. सिनेमा फारसा चालला नाही. आमच्या ओळखीत कुणी पाहिलेला नव्हता. आम्ही त्या मुलीच्या अम्मीला नाव लिहून दिलं.

हे चाललं असताना घरातल्या दोन गोष्टी आठवल्या. उर्दूवाल्यांना पहिली ठाऊक असेल. मिर्झा गालिब यांनी हातिम अली मेहर यांना लिहिलेल्या एका पत्रात सांगितलं आहे की, दाढी-मिशीत पांढरं दिसू लागलं तेव्हा त्यांनी दाढी राखली आणि त्याच दिवशी डोकं मात्र मुंडवून टाकलं. कारण काय, तर शहरात मुल्लापासून भिश्तीपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर दाढी आणि डोक्यावर केस असतात, मग आपण वेगळे कसे दिसणार! जुल्फेचे एवढे शेर लिहिणारा माणूस स्वतः मुंडलेल्या डोक्यानं बसला होता आणि त्यावर स्वतःच हसत होता. फरक एवढाच की तो स्वतःवर हसत होता.

दुसरी गोष्ट तर आपल्या रोजच्या पाहण्यातली. मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर हजहून, उमऱ्याहून परतलेल्या माणसाला घ्यायला अख्खं घर येतं. डोकं तासलेलं, उन्हात चकाकणारं. त्या डोक्याला कुणी हसतं का? उलट पुढे होऊन मुसाफा करतात, दुआ मागायला लावतात. अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढतो, केसांच्या वजनाएवढी चांदी सदका करतो आणि त्या गुळगुळीत डोक्याचे मुके घेतो. डोकं तेच असतं, नजर बदललेली असते. नजर बदलता येते, हे आपल्याला माहीत आहे. ती कुणासाठी बदलायची, ते आपण ठरवतो.

याचा कस आपल्या शेजारीच लागला. डिसेंबर २०२४ अखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोकं उघडं. बायका, मुलं, म्हातारी, कुणीच सुटलं नाही. पाणी तपासलं, दिल्लीहून आयसीएमआरची माणसं आली. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन तपासण्या केल्या आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाच्या द्रव्याचं प्रमाण फार वाढलेलं आढळल्याचं सांगितलं. हे द्रव्य अंगात जास्त गेलं की केस जातात आणि नखंही. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतल्या काहींची नखं गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

म्हणजे आमच्या कहावतीतला गंजा शेजारच्या जिल्ह्यात खराखुरा होता, आणि त्याची नखंसुद्धा गेली होती. आणि आम्ही काही महिन्यांनी फळ्यावर तीच कहावत लिहून डोकं खाजवून दाखवत होतो!

त्या दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं, ते आठवा. वाशिमहून शेगाव काही दूर नाही. एसटीत लोक बोलत, ‘‘तिकडचं पाणीसुद्धा पिऊ नका.’’ आमच्या ओळखीतल्या एका घरानं त्या भागातल्या लग्नाचं निमंत्रण टाळलं. मोबाइलवर टकलांचे विनोद फिरत होते. आमच्याही मोबाइलवर आले. आम्ही पुढे पाठवले नाहीत, पण पाठवणाऱ्याला अडवलंही नाही. त्या गावांतल्या माणसांचे केस पुष्कळांचे पुढे परत आले. लोकांनी फिरवलेली तोंडं त्यांना विसरता आली असतील का?

शेवटी आम्ही ज्या गोष्टीपाशी पोहोचलो, ती कुठल्या सिनेमातली नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली, आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेली तीन माणसांची गोष्ट. बनी इस्राईलमध्ये एक कोडी होता, एक गंजा, एक आंधळा. अल्लाहनं त्यांची परीक्षा पाहण्यासाठी फरिश्ता पाठवला. फरिश्त्यानं गंज्याला विचारलं, तुला सर्वांत प्रिय काय? तो म्हणाला, सुंदर केस, आणि ज्यामुळे लोक माझी किळस करतात ते निघून जावं. पाहा, चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टीतला गंजा नुसते केस मागत नाही, लोकांच्या नजरेचं दुखणंही सांगतो. फरिश्त्यानं डोक्यावरून हात फिरवला, केस आले. एक गाभण गायही मिळाली, पुढे गाईंनी रान भरलं. मग फरिश्ता पुन्हा आला, या खेपेला गरीब गंज्या मुसाफिराच्या रूपात, आणि मदत मागू लागला. केसवाल्यानं ओळख दिली नाही. म्हणाला, हे सगळं तर बापजाद्यांकडून आलेलं. कोड गेलेल्यानंही तेच केलं. फक्त आंधळा म्हणाला, मी आंधळाच होतो, अल्लाहनं दृष्टी दिली, हवं ते घेऊन जा.

लहानपणी आम्हाला वाटे, ही गोष्ट शुक्राची, कृतज्ञतेची आहे. ती आहेच. पण आता त्यात आणखी एक दिसतं. केस परत आले की प्रश्न सुटला, असं या गोष्टीत नाही. केस आल्यावरच खरी परीक्षा सुरू झाली : आपल्यासारखाच कुणी समोर उभा राहिला तेव्हा आपण कसं पाहिलं? ज्यांच्या डोक्यावर अल्लाहच्या कृपेनं दाट केस आहेत, त्या आपल्या सगळ्यांचा पेपर हाच आहे.

ती मुलगी परत आली त्या दिवशी आम्ही वर्गात कुणाचं नाव घेतलं नाही. तीच कहावत पुन्हा फळ्यावर लिहिली आणि मुलांना विचारलं, या वाक्यात नखं कुणाच्या हातात असू नयेत असं म्हटलं आहे? मुलं म्हणाली, ज्याला ती कशी वापरायची ते कळत नाही त्याच्या. आम्ही म्हणालो, मग मागच्या आठवड्यात नखं आमच्याच हातात होती. चाळीस मुलांना एका इशाऱ्यात हसवण्याची ताकद शिक्षकाकडे असते. आम्ही ती वापरली आणि कुणाला तरी ओरखडा उमटला. आम्ही माफी मागतो. वर्गात कुणी हसलं नाही. कहावत परीक्षेला येईल, तेव्हा अर्थ नीट लिहा, एवढं सांगून पुढे गेलो.

आता तिच्या एका चट्ट्यावर पिसासारखी बारीक, पांढरी लव आली आहे. दुसऱ्या बाजूला नवा चट्टा पडला आहे. डॉक्टरांचं औषध चालू आहे. परवा मधल्या सुट्टीत येऊन हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, तो पिक्चर अम्मीच्या मोबाइलवर पाहिला. ती मुलगी लोकांसमोर तशीच उभी राहते. मलाही तसं करावं लागेल का?’’

‘बाला’ही शेवटी लोकांसमोर आपलं डोकं उघडं करतो. सिनेमावाल्यांना धैर्य असंच दाखवावं लागतं, सगळ्यांसमोर, टाळ्यांत. आम्ही तिला म्हणालो, ‘‘नाही बेटा. ओढणी तुझी आहे, डोकं तुझं आहे. तुला जेव्हा वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर कधीच नाही. तुझं काम गणित आणि उर्दू.’’

ती हसली आणि पळाली. शेवटच्या बाकावरून आता दुसऱ्या बाकावर आली आहे. तिथं बसायला तिच्या मैत्रिणीनंच जागा केली. आम्ही सांगितलं नव्हतं.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरात, मोहल्ल्यात असं कुणी असेल तर सिनेमा दाखवा, पुस्तक द्या, डॉक्टरांकडे न्या. पण त्याआधी दस्तरख्वानावर बसलेल्या मुलांसमोर आपण कुणाच्या डोक्यावर, रंगावर, अंगावर काय बोलतो, ते एकदा ऐका. मुलं पहिला विनोद तिथंच शिकतात.